आप्पांचा उजवा पाय

माझ्या सासऱ्यांच्या मी पहिल्यांदा पाया पडलो, तेव्हा त्यांचं तोंड मला दिसलेलं नव्हतं. दिसत होते ते फक्त पाय. पारनेरच्या अलीकडे त्यांची वस्ती. अंगणात एक जुनी पिकअप उभी होती आणि तिच्या पोटाखालून दोन अनवाणी पाय बाहेर आले होते. टाचांना भेगा, अंगठे आभाळाकडे. मी मुलगी बघायला आलो होतो. नगरच्या ज्या कापडदुकानात मी कामाला होतो, तिथूनच घेतलेल्या टेरिलिनची पांढरी पँट अंगात, आणि बरोबर माझे वडील, म्हणजे तात्या. तात्या कानाशी कुजबुजले, "आप्पा तेच असणार. पाया पड." वडीलधारं माणूस दिसलं की आधी वाकायचं, ओळखपाळख मागाहून, ही आमच्या घरची शिकवण. मी वाकलो आणि दोन्ही पावलांना चांगला भरघोस हात लावला.

गाडीखालून एक किंकाळी आली आणि तिच्यात हसणंही मिसळलेलं होतं. पाय कोंबडीसारखे फडफडले, डोकं लोखंडावर आपटलं, आणि त्यामागून 'कट्' असा अगदी बारीक आवाज आला. मग काळ्या तेलाचा एक ओघळ सावकाश माझ्या पँटच्या दिशेनं निघाला. आप्पांना तळपायाला गुदगुल्या होतात, हे त्या घरातलं जपलेलं गुपित होतं. ते मला येऊन मिनिटभर झालं नाही तोच फुटलं.

आप्पा बाहेर आले. अर्धं तोंड काळं, मिशी पूर्ण काळी, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात तुटलेल्या नळीचा तुकडा.

"कोन हाय रं त्यो?"

"मी... मुलगी बघायला आलोय."

"मग घरात जा की! पोरगी घरात हाय. हितं मी हाय!"

आता त्या गाडीबद्दल सांगायला हवं. नगरच्या कुठल्याशा लिलावातून आप्पांनी ती उचलली, तेव्हा तिच्या बोनेटखाली नुसता वारा होता. तिथं त्यांनी एक डिझेल इंजिन बसवून घेतलं. इंजिन अंगानं जड आणि डोक्यानं तापट. "घरात एक हुतं, आता दोन झाली," असं सासूबाई म्हणायच्या. ते फार तापू नये म्हणून त्याचं तेल एका नळीनं पुढे रेडिएटरजवळच्या छोट्या कूलरमध्ये जायचं, वारा लागून गार व्हायचं आणि दुसऱ्या नळीनं परत यायचं. या दोन नळ्यांत आप्पांचा जीव अडकलेला. कारण त्या साली पाऊस नव्हता आणि आदल्या सालीही नव्हता. विहीर तळाला गेलेली, पाट कोरडे ठाक. जन्मभर फावडं घेऊन पिकाला पाणी देणाऱ्या, या वाफ्याचं त्या वाफ्यात वळवणाऱ्या माणसाला वळवायला काही उरलंच नव्हतं. ती सगळी हौस आप्पांनी गाडीखाली भागवायला घेतली. "त्याल म्हंजी काय? जाड पानी," ते म्हणायचे. "पान्याला उतार लागतो, तसा त्यालाला बी लागतो." तेल पंपाच्या जोरानं फिरतं, त्याला उताराशी काही देणंघेणं नसतं, हे त्यांना सांगण्याची छाती त्या पंचक्रोशीत कुणाची नव्हती.

छाती नसण्याचं कारण त्यांचा शब्द. आप्पा रागीट होते, पण राग दोन घटकांत जायचा. रागात तोंडातून गेलेला शब्द मात्र जन्मभर राहायचा. एकदा आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून ते ताटावर ओरडले, "आजपासनं आमटी बंद!" झालं. स्वतःला आमटी जिवापाड आवडायची, पण पुन्हा तोंडाला लावली नाही. दुधात भाकरी कुस्करून खायचे आणि शेजारच्या ताटातल्या आमटीकडे असे बघायचे, की जेवणाऱ्याला घास गिळवेना. सासूबाईंनी हातापाया पडून बघितलं. "त्वांडातनं गेलं की गेलं," ते म्हणायचे. "माघारी घ्यायला ती काय शेरडं हायती?"

हे सगळं मला मागाहून कळलं. त्या दिवशी मला फक्त एवढं कळलं, की अंगणात उभे राहून, टाळूवरचं टेंगूळ चोळत, आप्पा तोंडातून एक शब्द बाहेर सोडत आहेत.

"नळी तुमच्यामुळं तुटली, पाव्हनं. आता तुमीच माज्या हाताखाली बसवायची. मग गाडी पान्याची पिपं भरून आनंल आन् सारवल्याल्या अंगनात हुबी ऱ्हाईल. जेवनं हुईस्तवर त्यालाचा एक थेंब जरी खाली पडला, तर पोरगी न्हाई. न्हाई पडला, तर सुपारी आजच फोडू."

तात्यांनी हात जोडले. "आप्पा, अहो मुलगा कापडाच्या दुकानात आहे."

"मग आस्तर लावंल नळीला!"

तेवढ्यात घरातून आवाज आला, "आन् सारवायचं कुनी? प्यायला पानी न्हाई, आन् सारवायला कुठलं आनू?"

ही सुमन. मुलगी अजून दिसायची होती, पण त्या आवाजावरच मी भाळलो. एवढा जमदग्नी बाप अंगणात उभा असताना जी घरातून असं विचारू शकते, तीच आपल्याला हवी, असं मला वाटलं. मी स्वतः दुकानात मालकांना "होय" याशिवाय दुसरा शब्द बोललेलो नव्हतो. घरात एक तरी बोलणारं माणूस पाहिजे की नाही?

काम सुरू झालं. आप्पांनी दोन्ही नळ्या काढायला लावल्या. "एक बदलली की दुसरी रुसती," हे त्यांचं आणखी एक वचन. पुढे त्यांनी मला दोन धोतरजोड्या, दोन बैल आणि दोन नातवंडं यांच्याबाबतीतही ते ऐकवलं. जुन्या नळ्यांचे तुकडेच हाती आले, त्यामुळे नव्या नळीचं माप गाडीवरच घ्यावं लागणार होतं. आप्पांनी माझ्या हातात सुतळी दिली. "मापाचं काम तुमचं. तुमचा धंदाच हाय."

इथं माझ्या धंद्यानं माझा घात केला. आमच्या मालकांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की कापड मोजताना जरासं ताणायचं. गिऱ्हाइकाला कळत नाही आणि संध्याकाळपर्यंत ठाणात हातभर कापड उरतं. हात वळलेला होता. सुतळी नळीच्या वळणावळणानं न्यायची, ती मी दोन्ही टोकांना धरून झकास ताणली. गाठ मारली. आप्पांची सायकल मारत पारनेरला गेलो. तिथल्या ऑईल इंजिनाच्या सामानाच्या दुकानातून त्या मापाच्या दोन तांब्याच्या नळ्या कापून घेतल्या, नट चढवून टोकं फुलवून घेतली आणि घामाघूम होऊन परत आलो.

नळ्या चार बोटं आखूड.

आप्पांनी एकदा नळीकडे पाहिलं, एकदा सुतळीकडे, मग माझ्याकडे. "मला बी गिऱ्हाईक समजला व्हय रं?"

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. आमच्याकडे ही निघण्याची खूण. पण आप्पा गाडीभोवती फिरायला लागले होते. हात मागे बांधून, मान खाली, पेरणीआधी शेताला फेरी मारावी तसे. मग उकिडवे बसले, काटकीनं धुळीत रेघा ओढल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. किती तरी महिन्यांनी या माणसाला पाट वळवायला मिळत होता.

"पाव्हनं, जुनी वाट सायलेन्सरच्या कडंनं जात हुती. इस्तवाशेजारनं न्यायचं आन् म्हनायचं गार हो. ही कंची रीत? ह्या अंगानं नेऊ. सरळ, चासीच्या कडंकडंनं. वाट बी आखूड, सावली बी हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजी तुमी आखूड आनली ती बराबरच."

या वाक्याचा मी पुढे आयुष्यभर फार उपयोग केला.

नव्या वाटेवर एके ठिकाणी नळीला बाक द्यायचा होता. नुसती वाकवली तर ती चेपते, म्हणून आप्पांनी तिच्यात ओढ्याची बारीक वाळू ठासून भरली आणि गुडघ्यावर घेऊन लोण्यासारखी वळवली. आता वाळूचा कण न् कण बाहेर काढायला हवा होता. "फुंक," ते म्हणाले. मी फुंकलं. "पोटातनं फुंक! सासुरवाडी करायची हाय का न्हाई?" मी डोळे मिटले, पोटातून फुंकलं आणि सगळी वाळू पलीकडच्या टोकातून एकदम सुटून तात्यांच्या चहाच्या बशीत गेली. तात्या त्या वेळी बशी तोंडाला लावत होते. बशी खाली ठेवून त्यांनी मिशी झटकली आणि शांतपणे विचारलं, "आत आणखी आहे का?" मग नळ्या डिझेलनं धुतल्या आणि आम्ही दोघं गाडीखाली शिरलो.

एव्हाना आप्पा मला सरळ अरेतुरे करू लागले होते. तात्यांना ते शुभलक्षण वाटलं. मुलगी बघण्याचा कार्यक्रमही गाडीखालीच झाला. मी उताणा पडलेलो, दोन्ही हातांनी नळी धरलेली, आणि शेजारी दोन पावलं येऊन उभी राहिली. पैंजण घातलेली, उरल्यासुरल्या पाण्यात कालवलेल्या सारवणानं घोट्यापर्यंत माखलेली.

"च्या आनलाय. भायेर येताय का खालीच देऊ?"

"खालीच द्या."

एक हात खाली आला, कप ठेवून गेला. बाकीची सुमन मी लग्नातच पाहिली म्हटलं तरी चालेल.

"काय इचारायचं असंल तर इचारा," पावलं म्हणाली. "रीत हाय."

मी घसा साफ केला. "स्वयंपाक येतो का?"

"येतो. तुमाला पाना धराया येतो का?"

"सुमे!" आप्पा ओरडले, पण त्यांच्या मिशीचं एक टोक हललेलं मी जवळून पाहिलं.

नट आवळायची वेळ आली. मागचे नट आप्पांनी घेतले. पुढचे, कूलरकडचे, माझ्या वाट्याला आले, कारण त्या बोळात त्यांचा दंड शिरत नव्हता. तेव्हा त्यांनी मला आपलं ब्रह्मवाक्य दिलं. "आधी हातानं आवळ, जाईल तितकं. मग पाना लावून पाव फेरा. बास. पाव फेऱ्याच्या आत ऱ्हायलास तर गळंल. पाव फेऱ्याच्या म्होरं गेलास तर तुटंल." सकाळचा तो 'कट्' आवाज माझ्या कानातून गेलेला नव्हता. मी देवाचं नाव घेतलं आणि बेतानं आवळलं.

गाडी पाणी आणायला गेली ती मला मागे पिपांजवळ बसवून. जाताना पिपं रिकामी होती, मी सुखात होतो. येताना भरलेली होती आणि रस्ता जसा होता तसा होता. त्या सबंध दुष्काळात तालुक्यात पोटभर अंघोळ झालेला मी बहुधा एकटाच माणूस. उतरलो तेव्हा आप्पा पिपांत डोकावून म्हणाले, "निम्मं तुज्याच अंगावर आनलंस की!" पाण्यानं तेल मात्र गेलं नव्हतं. सासूबाईंनी राख आणि रॉकेल दिलं, तेव्हा हाताचा रंग काळ्याचा करडा झाला.

पिपं बाहेर उतरवून आप्पांनी गाडी सारवलेल्या अंगणात आणून उभी केली. इंजिन बंद झालं. सगळे टक लावून खाली बघत होते. आप्पा उतरले, पुढं गेले, वाकून बघितलं, कमरेला हात लावून सरळ झाले आणि बंपरला टेकून उभे राहिले. ते जे उभे राहिले, ते हलेनात.

"आवो, पानं वाडलीत," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"हितंच आन."

"हुब्यानं जेवनार?"

"हुब्यानं बेस पचतंय."

सुमननं तिथंच नेऊन त्यांच्या हातावर भाकरी ठेवली. पाव्हणे पानावर आणि यजमान अंगणात, म्हणून तात्या अवघडले आणि आपलं ताट घेऊन बाहेर गेले. मग मीही गेलो. अशी ती पंगत बंपरापुढे बसली. तात्यांनी चष्मा लावून, ओणवं होऊन, गाडीखाली सगळीकडे पाहिलं.

"पलीकडनं बगा, पाव्हनं. मागनं बी बगा," आप्पा जागचे न हलता सांगत होते.

"कोरडं ठणठणीत!" तात्या म्हणाले.

मग बोलणी सुरू झाली. तिथी, मंडप, पाणी कुठून आणायचं. एवढा गंभीर विषय आणि आप्पा मधूनच खुदकन हसायचे. ओठ दाबून धरायचे, डोळ्यांत पाणी यायचं, परत खुदकन. तात्या म्हणाले, "मानपान काही नको आम्हाला," तेव्हा तर ते इतके हसले, की त्यांना बोनेट धरावं लागलं. तात्या माझ्याकडे झुकून म्हणाले, "माणूस मनापासून राजी आहे. चेहराच सांगतोय." सुपारी तिथंच बंपरावर ठेवून, त्याच पान्यानं फोडली.

मी पुन्हा पाया पडायला वाकलो. आप्पा घाईनं म्हणाले, "डाव्याला लाग. उजवा ऱ्हाऊ दे, मुंग्या आल्यात त्याला." सकाळचा धडा होता म्हणून मी नुसतं बोट टेकवलं.

लग्न झालं. पुढच्या साली पाऊस पडला, विहिरीला पाणी आलं, पाट वाहू लागले, तरी आप्पांचं गाडीखाली जाणं काही सुटलं नाही. आमच्या संसारातही ते पान्यासह असायचे. सुमन कधी चिडून माहेरी गेली, तर तिला पिकअपमधून परत आणून सोडायचे आणि मला बाजूला घेऊन सांगायचे, "हातानं आवळ, मग पाव फेरा. बास. लई पिळू नगंस." थोरला मुलगा अभ्यास करीना, तेव्हा त्यालाही तेच औषध सांगितलं. माझी नोकरी बदलावी की नाही, यावर त्यांचं मत "वाट वळवायची, पर उतार बगून" असं होतं. जगातल्या सगळ्या अडचणी दोन नळ्यांत आणि चार नटांत बसतात, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. आणि मी? मी जाईन तिथं ती नळीची गोष्ट सांगत असे. कापड मोजणारा माणूस, पहिल्यांदा हातात पाना धरला आणि थेंब म्हणून पडला नाही! आप्पा समोर असले तर मिशीतल्या मिशीत हसायचे. मला वाटायचं, कौतुकानं.

आप्पा गेले ते पिकल्या पानासारखे, झोपेत. अखेरपर्यंत आमटी खाल्ली नाही. तेराव्याला सासूबाईंनी त्यांच्या नावानं वाढलेल्या पानावर वाटी भरून आमटी ठेवली आणि म्हणाल्या, "आता काय शब्द मोडत न्हाई." त्यावर सगळे रडता रडता हसले. मला तेवढं निमित्त पुरे झालं. मी भावकीला नळीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आखूड मापाच्या अकलेसकट.

नगरला परत जाताना एसटीत सुमन खिडकीशी बसली होती. जरा वेळानं म्हणाली, "आता सांगायला हरकत नाही. मी हाय तवर बोलू नगंस, म्हणाले होते."

"काय?"

"त्या दिवशी गळत होतं हो. पुढून, तुमच्या नटातून. आप्पांनी वाकून बघितलं आणि उजवा पाय खाली धरला. जेवणं होऊन सुपारी फुटेस्तोवर थेंब त्यांच्या पावलावर पडून तळव्याखाली जात होता. मी भाकरी द्यायला गेले तेव्हा बघितलं. गुदगुल्यांनी जीव चाललावता माणसाचा."

मी खाली माझ्याच उजव्या पायाकडे बघितलं.

"तुम्ही गेल्यावर मीच रॉकेलनं पाय पुसला त्यांचा. म्हटलं, आप्पा, हे काय? तर म्हणाले, शब्द मागं घेता येत न्हाई, पर पाय म्होरं करता येतो. पोरगा बरा हाय सुमे, नुसता पाव फेरा कमी पडलाय."

कंडक्टर आला. तिनं तिकिटं काढली, माझ्या हातातली पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"तेवढा पाव फेरा मी अजून आवळतेय."